हिरव्या डोळ्याची फट

मी एकदा सासऱ्यांच्या रेडिओत पंचवीस व्होल्टचा कंडेन्सर बसवला. हवा होता साडेतीनशेचा. ज्यांना यातलं कळतं त्यांनी आधी हसून घ्यावं. ज्यांना कळत नाही त्यांना एवढंच सांगते, की चहाच्या कपावर बशी झाकायची आणि त्यात कुकरची वाफ कोंडायला बघायची, तसला हा प्रकार.

बरं, हे करणारी बाई अडाणी असती तर गोष्ट वेगळी. ही शहाणी मरोळच्या एका कारखान्यात दिवसभर तेच काम करत होती. लांबलचक टेबलाशी आम्ही बायका ओळीने बसायचो, पुढ्यात सर्किटच्या हिरव्या पट्ट्या, हातात सोल्डरिंगची कांडी. पट्टीवर बारके भाग बसवायचे आणि डाग द्यायचा. माझा डाग मण्यासारखा गोल आणि चकचकीत यायचा. सुपरवायझर बाकीच्या मुलींना माझी पट्टी दाखवायचा. तेवढ्यावर मी स्वतःला इंजिनिअर समजू लागले. नाहूरच्या आमच्या इमारतीत कुणाची इस्त्री बिघडली, कुणाची बेल वाजेनाशी झाली, की मी पदर खोचून हजर. इस्त्री कधी सुधारायची, कधी कायमची जायची. माझा रुबाब काही जायचा नाही.

आमच्या घरात सर्वांत मानाचा होता तो रेडिओ. सासरे, ज्यांना सगळी इमारत आबा म्हणायची, त्यांनी तो गिरणीच्या बोनसातून घेतलेला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी धाग्याचं कापड, आत काचेचे व्हॉल्व्ह. बटण फिरवल्यावर तो लगेच बोलायचा नाही. आधी तापायचा, अर्धं-एक मिनिट घ्यायचा, मग घसा खाकरल्यासारखं करून बोलायला लागायचा. लालबागची खोली सोडून नाहूरला आलो तेव्हा कपाट, पलंग, भांडी सगळं टेम्पोत गेलं. रेडिओ मात्र आबांच्या मांडीवर बसून आला.

त्याच्या कपाळावर, बरोबर मध्यभागी, एक हिरवा डोळा होता. तोही व्हॉल्व्हच. गोल हिरवा उजेड आणि त्यात एक काळी फट. काटा स्टेशनच्या जवळ नेला की फट बारीक होत जायची, स्टेशन नेमकं लागलं की पूर्ण मिटायची. मला तो फार आवडायचा. शोभेचा म्हणून. आबा संध्याकाळी त्या डोळ्याला नाक लावून, बोटाने काटा हळूहळू सरकवत बसायचे, तेव्हा मला वाटायचं की म्हातारा माणूस, हौस आहे. उभं आयुष्य त्यांनी साचेखात्यात मागांच्या खडखडाटात काढलं होतं आणि त्यांना कमी ऐकू यायचं, हे मला ठाऊक होतं. मीच त्यांच्याशी दिवसभर ओरडून बोलायचे. पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला जे लागतं ते माझ्या डोक्यात तेव्हा भरलेलं नव्हतं.

त्या वर्षी रेडिओ घुमायला लागला. माणसाच्या आवाजाखाली सारखी घूंऽऽ अशी घरघर. आबांना ती ऐकू यायची नाही, शेजाऱ्यांना मात्र यायची. घरघर आली की कंडेन्सर सुकला, एवढं मला माहीत होतं. आबा शिमग्याला गावी गेले आणि मी ठरवलं, ते येईपर्यंत रेडिओ नव्यासारखा करून ठेवायचा. कौतुक करून घ्यायची खोड, दुसरं काय.

जुन्या कंडेन्सरवर दोन आकडे होते. मी पहिला, किती वीज साठते त्याचा, तेवढाच वाचला. दुसरा होता व्होल्टचा, आणि आमच्या कारखान्यात सगळाच माल पंचवीसचा असल्याने मी आयुष्यात कधी दुसरा आकडा वाचलाच नव्हता. घाटकोपरच्या दुकानदाराने विचारलं, "कितने व्होल्ट का?" मी म्हटलं, "नेहमीचा." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी इतक्या ठामपणे उभी होते की त्याची पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

कंपनीचा मूळ कंडेन्सर अंगठ्याएवढा जाडजूड होता. माझा निघाला शेंगदाण्याएवढा. मला वाटलं, विज्ञानाची प्रगती.

डाग मात्र सुंदर दिले. मागचं झाकण उघडंच ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, या, ऐका आता." नवरा विजेला भिणारा माणूस, दारातच उभा राहिला. मी बटण फिरवलं. व्हॉल्व्ह लाल झाले, डोळा हिरवा झाला. "बघा," मी म्हटलं. आणि फाट्कन आवाज झाला.

सुतळी बॉम्बच. शेंगदाण्याचं ॲल्युमिनियमचं टोपण बंदुकीच्या गोळीसारखं उडालं. सगळीकडे कागदाचे धागे, पांढरा धूर, आणि सडक्या माशाला रॉकेलची फोडणी द्यावी तसा वास. मी पलंगाखाली होते. तिथे कशी गेले ते आजतागायत आठवत नाही. नवऱ्याने, आयुष्यात एकदाच, धावत येऊन प्लग उपटला.

"जिवंत आहेस का गं?" त्याने विचारलं.

"रेडिओ बघा आधी," मी पलंगाखालून म्हटलं.

टोपण जाऊन नेमकं डोळ्यावर आदळलं होतं. काचेला एक केसाएवढी चीर, पण तेवढ्यातून हवा आत गेली होती. व्हॉल्व्हच्या आत चंदेरी मुलामा असतो, तो आमच्या डोळ्यांदेखत दुधासारखा पांढरा होत गेला. माणसाच्या बुबुळावर फूल पडावं तसा.

मला आबांच्या रागाची भीती नव्हती. आबा रागवायचेच नाहीत. मोडलेली वस्तू उचलून फडक्याने पुसून बाजूला ठेवायचे आणि जेवायला बसायचे. मला त्या फडक्याची भीती होती. शिवाय विजेची नवी भीती. कारखान्यात कांडी टेकवली की लगेच मागे ओढायचे. माझा मण्यासारखा डाग आता वाटाण्यासारखा यायला लागला.

घाटकोपरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे आम्ही दोघांनी रेडिओ रिक्षातून नेला. दुकानात क्रिकेटची कॉमेंट्री लागलेली, त्याचं अर्धं लक्ष तिकडे. आत डोकावून तो म्हणाला, "बारूद कोणी भरलं?"

"शेजारच्या पोराने," मी म्हटलं. शेजाऱ्यांना पोरगं नव्हतं.

"ट्रान्सफॉर्मर वाचला, नशीब. कंडेन्सर कंपनीचा आता मिळायचा नाही, पण त्याची काही गरज नाही. दुसरा टाकतो, आकडे बरोबर असले म्हणजे झालं. हा डोळा मात्र गेला."

"तसाच मिळेल?"

"ओरिजिनल येत नाही आता. नवीन टाइपचा येतो, लांबट पट्टीवाला. तो या गोल भोकात बसणार नाही, पेटी कापावी लागेल."

आबांच्या पेटीला करवत लावायची, या विचाराने मला घाम फुटला.

"मग?"

"मग काय, डोळ्याशिवाय पण वाजतो. शोभेचीच चीज आहे ती. एक काम करतो, डायलचा बारका दिवा हिरवा रंगवून आत बसवतो. समोरून कोणाला कळणार नाही, झकास."

शोभेचीच चीज. माझ्याच मनातलं बोलला तो. नवरा म्हणाला, "अगं, विचार करू, जुन्या बाजारात शोधू." मी म्हटलं, "आबा रविवारी येतायत. शोधता काय?" घाई माझीच होती. हिरवा दिवा बसला. रेडिओ घरघर न करता स्वच्छ वाजायला लागला आणि कपाळावर गोल हिरवा उजेड. मी चार हात लांब उभी राहून पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं. फसवणूक उत्तम जमली होती.

रविवारी आबा आले. पिशवीतून ओले काजू, सुकट, कुळथाचं पीठ निघालं. पाय धुतले, चहा घेतला आणि रेडिओपाशी बसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड कणीक तिंबत होते. ती कणीक त्या दिवशी इतकी तिंबली गेली की पोळ्या रबरासारख्या ताणायला लागल्या.

बटण फिरलं. हिरवा उजेड आला. आबांनी नाक लावलं. सुटले, असं वाटलं मला.

मग ते काटा सरकवायला लागले. खरखर, खरखर, मग बातम्यांचा स्वच्छ आवाज, इतका मोठा की खालच्या मजल्यावर जावा. आबा थांबले नाहीत. काटा पुढे गेला. पुन्हा खरखर. मग मागे. बातम्या आल्या आणि गेल्या. पुन्हा पुढे. ते चेहरा आणखी जवळ नेत होते, डोळे चोळत होते, परत बघत होते.

कणकेत हात तसाच राहिला. तेव्हा, इतक्या उशिरा, त्या शहाणीला कळलं. कमी ऐकणाऱ्या माणसाला खरखर आणि खरखरीतला आवाज यांतला फरक कळत नाही. आबा कानाने स्टेशन लावतच नव्हते. इतकी वर्षं ते फट मिटते का ते पाहून लावत होते, आणि मी फटच काढून टाकली होती.

मी धावत जाऊन काटा बातम्यांवर आणला. "लागलं, आबा," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "फट दिसना नाय माका. सगळा हिरवागार दिसता."

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून निघालं, "प्रवासाने डोळे थकले असतील."

एवढं वाक्य नि त्याने काय केलं बघा. दुसऱ्या दिवसापासून आबा डोळे तपासायला लागले. कॅलेंडर हाताच्या अंतरावर धरायचं, एक डोळा झाकायचा, मग दुसरा. सुईत दोरा ओवायचा. ओवला जायचा, तरी त्यांचं समाधान होईना. गॅलरीत उभं राहून लांबच्या मिठागरांकडे बघायचे. मी भांडी घासता घासता ते सगळं बघायचे आणि माझ्या हातून ताटल्या निसटायच्या. आबा कधी घाबरलेले मी पाहिले नव्हते. रस्ता ओलांडताना आता ते कठड्याला धरून उभे राहतात, असं शेजारीण सांगून गेली.

नवऱ्याने त्यांना मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वयाच्या मानाने बरे आहेत, थोडा नंबर वाढलाय, असं डॉक्टर म्हणाला. नवा चष्मा आला, जाड काळ्या काड्यांचा. आबांनी तो घालून पहिली गोष्ट केली ती रेडिओ लावण्याची. नाक लावलं. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग चष्मा काढून डबीत ठेवला, रेडिओ बंद केला आणि पुन्हा लावला नाही.

चार दिवसांनी त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली.

"आबा, हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"गावाक जातंय. कान गेले तेवा डोळ्यांवर चाललंय. आता डोळे पन चालले. हय गाडीखाली गावन्यापेक्षा थय बरा. पायांक वाट म्हायत आसा." आणि कपड्यांच्या घड्या करायला लागले. शुक्रवारच्या एसटीचं तिकीट त्यांनी कुणाकडून तरी मागवलं होतं.

नवऱ्याने मला स्वयंपाकघरात ओढलं. "सांगून टाक आता."

"तुम्ही सांगा."

"बॉम्ब मी लावला होता?"

मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात टेबलाशी बसून रडले. शेजारच्या खुर्चीवरची माझी मैत्रीण, घाटकोपरला राहणारी, तिने कांडी खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकताना दोनदा हसली. मग म्हणाली, "येडी आहेस तू. पंचवीस व्होल्ट? खरंच?"

"हसू नकोस गं. ते जातील."

"कुठला डोळा म्हणालीस, गोल? तसला आमच्याकडे आहे. बाबांनी जयंतीला वर्गणी काढून वस्तीसाठी रेडिओ घेतला, मग स्वतःलाही तसाच एक घेतला होता. कधीचा बंद पडलाय, आई त्याच्यावर भाकरीचं टोपलं ठेवते."

संध्याकाळी मी थेट तिच्या घरी गेले. टोपलं खाली उतरलं. पेटीला वाळवी लागलेली, आवाजाचा पत्ता नाही, पण प्लग लावून त्या दोघी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी भिंतीला चिकटून उभी. हळूहळू कपाळावर हिरवं काहीतरी आलं. मंद. पहाटेच्या नाइट लॅम्पएवढं. पण त्यात काळी फट होती.

"घेऊन जा बाई," तिची आई म्हणाली. "तुझा आंधळा आहे, आमचा मुका आहे. दोघांत मिळून एक तरी धड होऊ दे."

काचेचा तो डोळा मी डब्यात, रुमालात, वर पोळीच्या फडक्यात गुंडाळून पोटाशी धरून आणला. घाटकोपरला वाटेत दुरुस्तीवाल्याचं दुकान बंद. बहिणीच्या लग्नाला गेलाय, पुढच्या आठवड्यात येईल, असं शेजारच्या टेलरने सांगितलं. तो गुरुवार होता.

म्हणजे डाग मलाच द्यायचे होते. रंगवलेला दिवा सोडवायचा आणि दोन तारा डोळ्याच्या बैठकीला परत जोडायच्या. दोनच डाग. दिवसाला शेकडो देणारी मी, दाराशी उभी राहून कुलदेवतेला हाका मारत होते. आबा उघड्या ट्रंकेशेजारी बसून चहा पीत होते. त्यांच्या नकळत रेडिओ उघडायची काही सोय नव्हती.

आणि कमी ऐकणाऱ्या माणसाला गुपचूप कबुलीही देता येत नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आबा, तुमचे डोळे चांगले आहेत."

"काय?"

"डोळे चांगले आहेत तुमचे. रेडिओचा डोळा मी फोडला."

"काय फोडलंस?"

"रेडिओचा डोळा. मी फोडला. त्यात खोटा दिवा बसवला. म्हणून फट दिसत नाही." इतक्या जोरात, की गॅलरीतल्या सगळ्या दारांत माणसं आली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय फुटलं गं?" नवऱ्याने कपाळाला हात लावला.

आबांनी कप खाली ठेवला, माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दाखव."

मी डोळा दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून फिरवून पाहिला. मग रेडिओकडे. "उघड."

मी म्हटलं, "मला भीती वाटते." ते त्यांना बरोबर ऐकू गेलं. उठले, भिंतीतून प्लग काढला आणि तो मुठीत धरून माझ्या शेजारी जमिनीवर बसले. "प्लग माझ्याकडे आसा. हयसून खय जाना नाय."

मी झाकण उघडलं. प्लग काढला तरी वीज आत साठून राहते, म्हणून ती उतरेपर्यंत नुसती बघत बसले. मग कांडी तापवली. पहिला डाग शेजारच्या तारेवर पडला. आबांनी मुठीतला प्लग माझ्यापुढे नाचवून दाखवला, की बघ, इथेच आहे. हिरवा रंगवलेला बारका दिवा सुटून त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो उचलला, नखाने रंग खरवडला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. दोन डाग झाले. दोन्ही ओबडधोबड. कारखान्यात असते तर सुपरवायझरने पट्टी परत फेकली असती.

मी दोन्ही आकडे मनात म्हणत कंडेन्सरवर बोट फिरवलं, उगाच, खात्रीसाठी. मग मागे सरकले, थेट कपाटाच्या दाराआड. नवरा गॅलरीत. आबांनी स्वतः प्लग लावला, बटण फिरवलं आणि नाक लावून बसले. काही फुटलं तर सगळ्यांत आधी त्यांच्याच तोंडावर.

ते अर्धं मिनिट. व्हॉल्व्ह लाल होत होते. मागच्या वेळी याच क्षणी झालं होतं. मी कानांत बोटं घालून डोळे मिटले होते, म्हणून पुढचं मला दिसलं नाही. बोटांतून खरखर ऐकू आली. मग कमी झाली. मग बाईचा स्वच्छ आवाज आला आणि तिथेच थांबला. काटा हलला नाही.

मी डोळे उघडले. आबा अजून तसेच वाकलेले. कपाळावरचा उजेड इतका मंद की दिवसा दिसलाही नसता, पण फट मिटलेली. त्यांनी मुद्दाम काटा बाजूला नेला, फट उघडली. परत आणला, मिटली. असं दोन-तीनदा केलं, लहान मुलासारखं. मग हात लांब करून ट्रंकेचं झाकण पाडलं. आतून घडी केलेलं धोतर अर्धं बाहेर राहिलं, ते तसंच.

नवरा गॅलरीतून डोकावून म्हणाला, "आबा, तिकिटाचं काय करायचं?" त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

त्यांनी ट्रंकेचं झाकण जरा उचलून कोपऱ्यातून चष्म्याची डबी काढली. जाड काळ्या काड्यांचा तो चष्मा उघडून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि कपाटाच्या दाराआडून डोकावणाऱ्या माझ्यापुढे धरला.

"ह्यो चष्मो आता तूच घाल गो बाय. पुढच्या खेपेक काय बदलूक बसशीत, तेवा सगळे आकडे वाच."